बांगडीचा आणा

झुंबरबाईच्या हाताचं माप काय, हे पुंजारामला सांगता आलं नाही.

ती तीन दिवसांच्या तापानं गेली. नवऱ्याआधी, अहेव गेली, म्हणून शेजारच्या बायडाबाईनं हिरवं लुगडं बाहेर काढलं, मळवट भरायला कुंकवाचा करंडा घेतला आणि दारात येऊन विचारलं, "पुंजाभाऊ, हिरव्या बांगड्या आनायला मानूस धाडायचाय. माप काय सांगू?"

पुंजारामनं बायकोच्या हातांकडं पाहिलं. एकवीस वर्षं संसार झाला. त्या हातांनी थापलेल्या भाकरी खाल्ल्या, पण माप कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात बांगड्या भरणाऱ्या चांदभाई मणियाराची बायको मुबारकबी आली. तिनं पदराखालून कागदाची पुडी काढून बायडाबाईच्या हातात दिली. "त्येंनी धाडल्यात. सव्वादोनच्या हायेत. डाव्या हाताला साबन लावा, तिच्या आंगठ्याचं हाड मोठं हाय."

बायडाबाईनं साबण लावला. बांगड्या अगदी बरोबर बसल्या.

पुंजारामच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं. प्रवरेच्या काठी सरणाला अग्नी देताना लोकांना वाटलं, माणूस दुःखानं दगड झालाय. दुःख होतंच. पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अंगठ्याचं हाड. आपल्याला माहीत नाही आणि त्या मणियाराला माहीत आहे.

पुंजाराम मैलकुली होता. नगर-मनमाड रस्त्याचा कोल्हारजवळचा एक मैल त्याच्याकडं होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, लिंबांना पाणी घालायचं. महिन्याला चौदा रुपये मिळायचे. झुंबरबाई त्याच रस्त्यावर खडी फोडायची. पोरबाळ झालं नाही. भाड्याच्या एका खणात दोघं राहायची, आणि दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून महागाईनं तेही जड जात होतं.

सुरुवातीच्या वर्षांत झुंबरबाईनं चुलीमागं एक गाडगं पुरलं होतं. त्यात ती पै-पैसा टाकायची. ते निम्मं भरलं आणि तिसगावहून पुंजारामचा धाकटा भाऊ सूर्यभान आला. बैलांच्या दलालीत तो नेहमी बुडालेला असायचा. पुंजारामनं त्याला लहानपणापासून अंगाखांद्यावर वाढवलं होतं. त्यानंच गाडगं फोडून पैसे भावाला दिले. दोन वर्षांनी दुसरं भरलं, तेही तसंच गेलं. त्या दिवशी झुंबरबाई खापऱ्या गोळा करून उकिरड्यावर टाकून आली. पुन्हा घरात गाडगं दिसलं नाही.

पुढं ओढाताण वाढली तसा पुंजाराम हात आखडून वागू लागला. तिनं चहाच्या पत्तीला पैसा मागितला तरी तो दहा वेळा विचारायचा. फक्त बांगडीला नाही म्हणायचा नाही. सवाष्णीचा हात उणा दिसला तर नवऱ्याच्या आयुष्याला वाईट, हे त्याच्या आईनं त्याच्या मनात पक्कं बसवलं होतं. झुंबरबाई हात पुढं करून म्हणायची, "खडी फोडताना एक वाढली बगा." सवाष्णीनं बांगडी फुटली म्हणायचं नसतं. तो मुकाट्यानं कनवटीचा आणा काढून द्यायचा. लढाईत बाहेरचा माल यायचा थांबला, तेव्हा ती म्हणाली, बांगड्या महागल्या. मग दोन आणे.

पैसे द्यायचा आणि दिवसभर जळायचा. दोन बाजारांतून एकदा हिची बांगडी कशी वाढते? दुसऱ्या बायका खडी फोडत नाहीत का? त्यानं मोजायला सुरुवात केली. ती भाकरी थापायला बसली की तो भिंतीला टेकून मोजायचा. उजव्या हातात सात, डाव्यात सहा. बाजाराहून आली की दोन्हीकडं सात. पण नवी म्हणावी तर तीही बाकीच्यांसारखीच झिजलेली दिसायची. हे गणित त्याला सुटत नव्हतं.

एकदा तो तिच्या मागोमाग बाजारात गेला आणि एका गाडीच्या आडोशाला उभा राहिला. झुंबरबाई मणियाराच्या चटईवर बसली होती. तिचा डावा हात चांदभाईच्या हातात होता. बांगडी भरायची तर हात धरावाच लागतो, हे त्याला कळत होतं. पण ती हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. घरात ती तशी हसलेली त्याला आठवेना. तो परत फिरला आणि तिला काही विचारलं नाही. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

तेरावा झाल्यावर पुंजाराम थेट चांदभाईच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे बाजाराच्या पेठेतला तोच चटईचा ओटा, मागं राहायची खोली आणि दोरीला लटकवलेल्या बांगड्या. चांदभाई त्याच्याच वयाचा होता. डोळ्यांत सुरमा, बोटं बाईच्या बोटांसारखी मऊ. पुंजारामनं आधी ती बोटंच पाहिली.

"किती झाले?"

"कशाचे?"

"त्या दिवशीच्या बांगड्यांचे."

"पुंजाभाऊ, त्येचे पैसे घेत न्हाईत. शेवटच्या बांगड्या त्या."

"माझ्या बायकोला मी भरीन बांगड्या. दुसऱ्याच्या फुकटच्या नकोत."

चांदभाईनं पेटी पुढं ओढली. "बरं. बारा आने द्या." पैसे घेऊन त्यानं पेटीत टाकले. "आता बसा. तुमचं बी माझ्याकडं हाय."

आतून त्यानं एक पिशवी आणून चटईवर ठेवली. तिचं कापड पुंजारामनं लगेच ओळखलं. झुंबरबाईच्या जुन्या चोळीचा खण होता तो. त्याच्या कानशिलात आग उठली.

"हे तुझ्या घरात कसं आलं?"

"आत बगा आधी. एकोनीस रुपये सात आने हायेत. अकरा वर्साचे. झुंबरबाईची अमानत."

"तिच्याकडं कुठून आले पैसे?"

"तुमीच दिले की." चांदभाई हसला नाही. "बांगडी वाढायचीच न्हाई, पुंजाभाऊ. ती घरी साबन लावून एक उतरवायची, कमरेला खोचायची. हितं आली की तुमचा आना माझ्या हातात ठिवायची आन् म्हनायची, भरा आता माझीच मला. तिची तिलाच परत भरायचो मी. खरी वाढायची ती वर्साकाठी एखांदी."

पुंजारामला ते सहा आणि सात आठवले. गणित सुटलं, पण जळजळ थांबली नाही. उलट जास्त झाली.

"घरात ठेवायला काय झालं हुतं? आमच्या घरात चोर हुते व्हय?"

"चोर न्हाई. भाऊ हुता."

"म्हंजे माझ्यापेक्षा तुझा भरवसा!"

"पैशापुरता. बाकीचं मला काय ठावं?"

आतून मुबारकबीचा आवाज आला, "सांगा की त्यांना, कशासाठी ठिवत हुती ती."

"दोन खण जागेसाठी," चांदभाई म्हणाला. "म्हनायची, म्हातारपनी रस्त्याचं काम सुटंल, मग भाडं कोन भरंल? ह्यांना मागून काय मिळायचं न्हाई, पन बांगडीला न्हाई म्हनायचे न्हाईत."

पुंजारामनं पिशवी उचलली. "माझ्या बायकोचं हाय, माझ्या घरी ऱ्हाईल." आभार न मानताच तो उतरला.

घरी सूर्यभान ओट्यावर बिडी ओढत बसला होता. मयतीला आला तो अजून गेला नव्हता. पुंजाराम टेकला तशी कनवटीची पिशवी वाजली.

"काय वाजलं, दादा?"

"काय न्हाई."

"पैसं वाजलं." सूर्यभान जवळ सरकला. "दादा, तिसगावात एक खोंड बगून ठिवलाय. इसार द्याला तीन रुपये कमी पडत्यात. आखाडात दुप्पट करून आनतो. तुझ्या गळ्याची आन."

पुंजारामला नाही म्हणता येत नव्हतं. आयुष्यात आलं नव्हतं, आजही आलं नाही. त्यानं पाठ फिरवून तीन रुपये मोजले आणि दिले. सूर्यभाननं ते टोपीत खोवले आणि मोकळा हसला.

"वैनी असती तर आडवी आली असती. तू आपला देवमानूस."

पुंजाराम उभा राहिला. त्यानं चुलीमागं पाहिलं. गाडगं पुरलं होतं तिथली जमीन अजून जरा खचलेली होती. तो पायताण घालून बाहेर पडला आणि चालताना कनवट हातानं दाबून धरली.

चांदभाई दोरीवरच्या बांगड्या उतरवत होता. पुंजारामनं पिशवी चटईवर ठेवली.

"तीन कमी हायेत."

"दोन तासबी न्हाई झाले!" चांदभाई म्हणाला. आतून मुबारकबी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"ठिवून घे. मी मागाय आलो तरी देऊ नगंस. भावाला घेऊन आलो तर म्हन, असलं काय ठिवलंच न्हाई."

"तसंच म्हनायला झुंबरबाईनंबी सांगितलं हुतं."

हे ऐकून पुंजारामला पुन्हा लागलं. ह्या माणसाजवळ तिचं आणखी किती होतं? अकरा वर्षांचे बाजार, दर वेळी घटका-अर्धी घटका. त्याच्याजवळ काय होतं? तर मोजलेल्या बांगड्या. तो जायला वळला आणि थांबला. एवढ्या वर्षांत न विचारलेलं शेवटी विचारलं.

"एकदा ती हितं लई हसत हुती. मी गाडीआडून बगत हुतो."

"हां, तवा." चांदभाईनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "तुमची गाडीखालची पायतानं तिला दिसली हुती. म्हनली, आमचं मानूस आलंय मागं. घरी भाकरी थापाय बसलं की माज्या बांगड्या मोजतंय, आन् त्याला वाटतं, मला कळत न्हाई. आन् हसायलाच लागली. बांगडी भरता यीना मला, हात इतका हालायला लागला."

पुंजाराम चटईवर बसला. ती बसायची तिथंच. मग कनवट उलटीसुलटी करून त्यानं एक आणा काढला. तेवढाच उरला होता. तो त्यानं चांदभाईसमोर ठेवला.

"ह्यो पिशवीत टाक. पुढच्या बाजारी आनखी आनीन."

चांदभाईनं आणा पिशवीत टाकला आणि तिचं तोंड आवळलं. पुंजाराम उठला नाही. त्याची नजर त्या मऊ बोटांवर होती, आणि ती अजूनही त्याला बघवत नव्हती.

"आनखी काय म्हनायची ती?" त्यानं विचारलं.