चौथ्या तबकडीतली सनई

मी एक जुनी, लाखेची, काळीकुळकुळीत तबकडी आहे, आणि बंगळूरच्या मराठी घरांत माझ्याहून जास्त गायलेली कोणी असेल तर तिनं समोर यावं. येणार नाही, मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझं कूळ झाडावरच्या किड्यांचं. हसू नका, लाख ते किडेच करतात! त्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी कालवून कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात मला तापल्या साच्यात दाबलं. एकच दणका बसला आणि मी जन्मले ती गातच. आम्ही चौघी बहिणी. जाड पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये एकेका पाकिटात बसायचो. अल्बमचं नाव ‘पाठवणीची गाणी’. लेक उंबरठा ओलांडते तेव्हाचं शेवटचं गाणं माझ्या वाट्याला आलं होतं. म्हणजे सगळ्यांत मानाची मीच.

१९५१ साली आप्पाजींनी आम्हाला चिकपेटेतल्या दुकानातून घरी नेलं. आप्पाजींचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात. घरात मराठी, दारात कन्नड आणि राग आला की दोन्ही. चावीचा ग्रामोफोन अंगणात मांडला की सारी गल्ली गोळा व्हायची. मी गाऊ लागले की लालबागेतली गुलाबं माना वळवायची. एकदा तर कँटोन्मेंटातला एक गोरा घोडा टांगा सोडून वरातीत शिरला आणि नवरदेवाच्या घोड्याला म्हणाला, ‘स्वल्प सरक.’ खोटं वाटत असेल तर त्या घोड्याला विचारा.

पण एक गोष्ट मात्र अगदी खरी सांगते. आप्पाजींनी आम्हाला आणलं ते त्यांच्या विधवा बहिणीसाठी, चंद्राबाईंसाठी. त्यांचे यजमान व्यंकोजी एका नाटक कंपनीत सनई वाजवायचे. मद्रासला माझं गाणं भरलं जात होतं तेव्हा गाणाऱ्या बाईंच्या दोन कडव्यांमध्ये त्यांनी सनई फुंकली. एका श्वासात मावेल एवढीच. माझ्या कपाळावरच्या कागदावर नाव छापलं ते फक्त बाईंचं. पुढं थोड्याच दिवसांत व्यंकोजी तापानं गेले. त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. होती ती एवढी फुंकर.

“आप्पा, ती सनई तेवढी परत लाव की,” चंद्राबाई म्हणायच्या.

आप्पाजी सुई उचलून नेमक्या त्याच जागी ठेवायचे. मग पुन्हा. आणि पुन्हा. तबकडीच्या दर बाजूला नवी सुई लावावी असा आमच्या जातीचा नियम. पण आप्पाजी जुन्या सुयांना दगडावर धार काढून वापरत आणि वर मिशीला पीळ देत म्हणत, “बघ, नव्यासारखी!” मित्रांनो, ती नव्यासारखी नव्हती, नांगरासारखी होती. माझ्या अंगावरची ती एवढीशी जागा नांगरून नांगरून सपाट झाली. आणि एके दिवशी सनई आलीच नाही. सुई त्या जागी आली, घसरली आणि ‘टॉक!’ करून थेट पुढच्या कडव्यावर गेली.

आता खरी गंमत ऐका. मला लग्नालग्नाला मागून न्यायचे. बळेपेटेपासून बसवनगुडीपर्यंत माझ्याशिवाय एकही लेक सासरी गेली नाही. पोरांनी गाणं माझ्याकडूनच पाठ केलं, तेही टॉकसकट! मग ग्रामोफोन नसला तरी बायका गाणं म्हणताना बरोबर त्या जागी टाळ्याला जीभ लावून ‘टॉक!’ करायच्या. होता होता तो रिवाजच झाला. बनशंकरीच्या एका लग्नात नव्या सुनेनं टॉक केलं नाही, तर सासूनं तिला गाणं पहिल्यापासून म्हणायला लावलं.

आणि मग लोकांना माझा कंटाळा आला. ऐकून ऐकून कान किटले म्हणे. “परत तीच प्लेट?” असं म्हणत तरुण मंडळी उठून जायची. आप्पाजींच्या लेकीनं, क्षमानं, तर माझ्या थोरल्या बहिणीला गरम पाण्यात बुडवून, मऊ करून तिची फुलांची परडी केली. मग डोळा माझ्यावर.

“आत्या, ही तरी आता कशाला ठेवायची? नुसती टॉक टॉक करते.”

“तिच्यात ते आहेत गं,” चंद्राबाई म्हणाल्या.

“कुठं आहेत? मी तर हिच्यात जन्मात सनई ऐकली नाही.”

१९६६ साली क्षमाचं लग्न ठरलं. साखरपुड्याला धारवाडहून नवऱ्या मुलाचे काका नरसिंहराव आले. गाण्यातले दर्दी, मांडीवर ताल धरून बसणारे. मला लावलं. कडवं संपलं आणि सगळ्या घरानं एका सुरात केलं, ‘टॉक!’

नरसिंहरावांचा ताल चुकला. “हे काय हो?”

“आमच्यात असंच असतं,” आप्पाजी ऐटीत म्हणाले.

“तिथं सनई आहे. माझ्या यजमानांची,” स्वयंपाकघराच्या दारातून चंद्राबाई बोलल्या.

“अक्का, या गाण्यात सनई असती तर मला कळली नसती का?” नरसिंहराव हसले. “पेटी आहे, तबला आहे. सनई तुमच्या मनात असेल.”

सगळे हसले. चंद्राबाईंनी भावाकडे पाहिलं. “आप्पा, तू तर ऐकलीस ना?”

आप्पाजींनी मिशी चाचपली. “होती खरी… म्हणजे, असावी. फार दिवस झाले गं.”

त्या दिवशी सगळे गेल्यावर चंद्राबाईंनी मला पदरानं पुसलं आणि हळूच म्हणाल्या, “मलाच वाटायला लागलंय, मी ती स्वप्नात ऐकली की काय.” मित्रांनो, मला सुईशिवाय तोंड नाही. नाहीतर तेव्हा असं ओरडले असते की विधानसौधाचे खांब हलले असते!

हे सगळं क्षमाच्या भावानं, प्राणेशनं पाहिलं होतं. तो घड्याळाच्या कारखान्यात नोकरीला, जयनगरच्या नव्या घरात नुकताच विजेवर तबकड्या वाजवणारा रेडिओग्राम घेतलेला. लग्नाच्या आदल्या दिवशी तो रेडिओग्राम आणि एक रंगीत, गुळगुळीत, महागडं पाकीट घेऊन आला. आमचाच अल्बम, पण आम्ही चौघी मिळून एकच मोठी, न फुटणारी तबकडी! मूळच्या साच्यांवरून पुन्हा काढलेली. मी तिला नीट न्याहाळलं. अंगावर ओरखडा नाही. म्हटलं, गाऊन तर दाखव.

दुसऱ्या दिवशी पाठवणीची वेळ झाली. क्षमा उंबरठ्याशी उभी. प्राणेशनं नवी लावली आणि घाईत वेग ठेवला माझा, म्हणजे तिच्या दुपटीहून जास्त! गाणाऱ्या बाई खारीसारख्या चिरचिरू लागल्या, वरमाई दचकल्या आणि मी कपाटात हसून हसून दोन चरे पाडून घेतले.

“सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, म्हणत त्यानं वेग बदलला.

मग आवाज आला. मीच, पण न्हाऊन-माखून आलेली. बाई शब्द उच्चारण्याआधी श्वास घेत, तोही ऐकू येत होता. उठून जाणारे पुन्हा खाली बसले. ज्या गाण्याला कान किटले होते ते गाणं अर्ध्या लोकांनी आज पहिल्यांदाच ऐकलं. कडवं संपत आलं. सगळ्या मांडवानं जिभा टाळ्याला लावल्या.

आणि सनई आली.

एका श्वासाची. कोवळी, थोडी कापरी, लेकीच्या मागं चार पावलं चालत आल्यासारखी. एकाचीही जीभ टाळ्यावरून खाली उतरेना. नरसिंहरावांचा हात मांडीवर तसाच थांबला. चंद्राबाई दाराआडून पुढं आल्या, विधवेनं अशा वेळी आत राहावं हे त्या विसरल्या आणि कुणाला आठवण करून द्यायची छाती झाली नाही.

“आले,” त्या म्हणाल्या.

“अक्का, माझं चुकलं,” नरसिंहराव म्हणाले.

प्राणेशनं धावत जाऊन सुईला हात घातला. “आत्या, थांब, परत लावतो!”

चंद्राबाईंनी त्याचं मनगट धरलं. “नको रे. पुढं जाऊ दे. परत परत म्हणूनच मी त्यांना एकदा घालवलं. पोरीला निघायचंय.”

गाणं शेवटपर्यंत गेलं. मग क्षमानं आत्याच्या पाया पडून उंबरठा ओलांडला.

मी परडी झाले नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. त्या गुळगुळीत पाकिटात नवीच्या पाठीला पाठ लावून मी राहते. ती गाते, मी चुका काढते. लग्नात बायका अजूनही त्या जागी ‘टॉक’ करतात, तो मान माझा! पण टॉक झाल्यावर आता एक श्वासभर गप्प राहतात.

तेव्हा मित्रांनो, सुया बदलत जा, धूळ पुसत जा, आणि जे फार आवडतं त्याची एकच जागा घासत बसू नका. गाणं पहिल्यापासून लावा आणि शेवटपर्यंत जाऊ द्या. आवडीची जागा यायची तेव्हा आपली आपण येते.