कोटेशनरावांचा चाकू

कोटेशनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पंख्यांच्या कारखान्यात ते खरेदी अधिकारी होते, आणि तीन दुकानांचे भाव लेखी मागवल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत साधी टाचणी घेतली नव्हती. लोक म्हणत, या माणसाला तहान लागली तरी हा तीन नळ बघून मग पाणी पिईल. लग्नसुद्धा आपण तीन मुली पाहून केलं, असं ते स्वतःच चारचौघांत हसत हसत सांगत. त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं असे, की त्यात मीच स्वस्त पडले.

तर अशा माणसाच्या कारखान्यात नवी संगणक यंत्रणा आली. भाव तीच मागवायची, तुलना तीच करायची, ऑर्डरही तीच द्यायची. कोटेशनरावांनी फक्त 'मान्य' असं लिहिलेलं बटण दाबायचं. मध्यंतरी ते तापाने घरी पडले होते, तेव्हा त्यांचं बटणही यंत्रणेने आपलं आपणच दाबून घेतलं. कामावर परतले तर शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, आज लवकर आलात वाटतं? आपण आठवडाभर नव्हतो हे त्याच्या गावीही नव्हतं. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही.

त्यात ते कपाट आलं. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने अवाढव्य लोखंडी कपाट घेतलं होतं आणि ते दोर बांधून जिन्याने वर चढवणं चाललं होतं. नेमकं कोटेशनरावांच्या दारासमोर दोराचं टोक कठड्याच्या गजात असं गुरफटलं, की कपाट ना खाली ना वर. खालचे दोन हमाल खांद्यावर भार पेलून घामाघूम झाले आणि ओरडायला लागले की कापा तो दोर, कुणाकडे चाकू आहे का? जिन्यात गर्दी करून सल्ले देणारे जेवढे पुरुष होते, ते सगळे आपापले खिसे चाचपू लागले. कोटेशनरावांनीही चाचपले. रुमाल निघाला. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून भाजी चिरायची सुरी घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हा."

कपाट वर गेलं. हमालांनी बाईंचे आभार मानले, वरच्या बिऱ्हाडाने त्यांना चहाला बोलावलं. खरं तर तिने काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, जिनाच अरुंद होता. पण कोटेशनरावांना ते शब्द फार लागले. कचेरीत यंत्राने बाजूला केलं, घरात बायकोने केलं. माणसाने बाजूला तरी किती व्हायचं, शेवटी भिंत लागते. एकदा, फक्त एकदा कुणाला तरी आपली गरज पडावी आणि त्या वेळी आपला खिसा रिकामा नसावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, की आपण रोज खिशात बाळगायला एक दणकट, घडीचा चाकू घेणार आहोत.

मुलगी म्हणाली, बाबा, घरात कात्री आहे. तिच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

घ्यायचा म्हणजे काय, जाऊन आणायचा असं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आधी गरज निश्चित करायची, मग अपेक्षित गुण ठरवायचे, मग बाजार पाहायचा. कितीतरी महिने ते संध्याकाळी मोबाईलवर चाकूंचे व्हिडिओ बघत बसले. त्यांत दाढीवाले धट्टेकट्टे पुरुष जंगलात जाऊन खिशातल्या चाकूने झाडाचं खोड फोडत. ते खोड का फोडत आणि घरून निघताना कुऱ्हाड का घेत नसत, हे कुणी सांगत नसे. कोटेशनराव मात्र मन लावून बघत. पोलाद किती कडक असावं, म्हणजे धार टिकेल पण पातं तडकणार नाही. पातं उघडल्यावर आतली पट्टी येऊन अडकणारा खटका बरा की मुठीच्या पाठीवरचा. मूठ लाकडाची असावी की रबराची. इंटरनेटवर यावरून अनोळखी माणसं एकमेकांची अक्कल काढत होती. पट्टीच्या खटक्याची बाजू घेतल्याबद्दल एकाने कोटेशनरावांना 'पोरकट' म्हटलं. पंचावन्नाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला पोरकट म्हणालं याचा त्यांना दोन दिवस राग होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही होता.

बायको भाजी चिरता चिरता हे सगळं ऐकत असे. पोलादाबद्दल तिला इतकं ऐकावं लागलं, की एकदा ती म्हणाली, लग्नाआधी तुम्ही माझी एवढी चौकशी केली असती तर मी नापास झाले असते.

अखेर ते हत्यारांच्या दुकानात गेले आणि आपल्या अपेक्षा सांगितल्या. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की साहेब, कापायचं काय आहे? कोटेशनराव गोंधळले. या एका मुद्द्याचा त्यांनी विचारच केला नव्हता. मग छाती काढून म्हणाले, जे येईल ते. दुकानदाराने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने मुकाट्याने दोन चाकू काढून ठेवले. कोटेशनरावांनी तिसरा मागितला. तिसरा नव्हता. दोनांतून निवड करायला त्यांचं मन धजेना, तेव्हा दुकानदाराने झाडांची कलमं करायचा एक गंजका चाकू कुठूनसा आणून रांगेत ठेवला. असा भरतीचा तिसरा उभा करण्याची रीत खरेदी खात्यात सगळ्यांनाच ठाऊक असते. कोटेशनरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी गंजक्याची रीतसर पाहणी केली, रीतसर तो नापास केला आणि सगळ्यांत जड चाकू घेतला.

चाकू होता मात्र खरंच देखणा. काळी खरखरीत मूठ, रुंद पातं, आणि उघडताना खट् असा आवाज की ऐकणाऱ्याने वळून बघावं. फक्त तो खिशात टाकला की पँट त्या बाजूने खाली घसरे, त्यामुळे कोटेशनराव जरा तिरके चालू लागले.

पहिल्याच दिवशी कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने त्यांना अडवलं. आत हत्यार न्यायला बंदी होती. ही बंदीही कोटेशनरावांच्याच सहीने निघालेली होती, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. चाकू रोज सकाळी वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये जाऊ लागला आणि संध्याकाळी परत मिळू लागला. मिळताना त्याला कधी संत्र्याचा, कधी काकडीचा वास येई. 'रोज बाळगायचा' चाकू रोज बाळगत होता तो वॉचमन, आणि त्याचं चाकूबद्दलचं मत फार चांगलं होतं.

संध्याकाळच्या आणि सुटीच्या वेळात मात्र कोटेशनराव सज्ज असत. पण जग त्यांच्या वाईटावर उठलं होतं. बिस्किटाच्या पुड्यापासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळ्याला 'इथून फाडा' अशी खूण आली होती. कपाटं तुकड्यांत येऊ लागली होती आणि स्क्रूने जोडली जात होती. कुणाच्या हातात गाठोडं दिसलं की कोटेशनरावांचा हात खिशाकडे जाई, आणि गाठोडंवाला घाईघाईने गाठ हातानेच सोडवी. एका शेजाऱ्याने तर त्यांना जिन्यात पाहून वाट बदलली. बागेत बाकावर बसून त्यांनी एकदा चाकू नुसता उघडला, तर पलीकडची आजीबाई नातवाला घेऊन उठूनच गेली. हळूहळू त्यांचा चेहरा उतरू लागला. जेवताना ते बोलेनासे झाले. पोलादाचा विषय बंद झाला. एका रात्री त्यांनी चाकू कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून दिला आणि बायकोला म्हणाले, "मला वाटतं, आपलं चुकलंच. कुणाला लागतच नाही गं काही."

बायकोने कपाटाचं दार लावून घेतलं.

दुसऱ्याच संध्याकाळी ते घरी आले तर टेबलावर एक खोका होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला. बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, तेवढं पार्सल उघडता का? माझ्या सुरीला काही दाद देत नाही." कोटेशनराव कपडेही न बदलता कपाटाकडे धावले. खट् आवाज झाला, पट्टी सर्रकन चिरली गेली. त्यांनी पातं उजेडात धरून पाहिलं, त्याला लागलेला गोंद पुसला, तेलाचं बोट फिरवलं, आणि त्या रात्री दोन वेळा भात मागून घेतला.

मग पार्सलांची रीघच लागली. एक दिवसाआड काही ना काही येऊ लागलं. कोटेशनरावांना त्याचं नवल वाटलं नाही. हल्ली सगळं घरपोच येतं हे त्यांना माहीत होतं. खोक्यांत काय येतं हे मात्र त्यांनी कधीच पाहिलं नाही. पट्टी कापून झाली की त्यांचं सगळं लक्ष पात्याकडे असे. खोका बायको आत घेऊन जाई. कचेरीत ते पुन्हा बोलू लागले. आमच्या घरी माझ्या चाकूशिवाय पान हलत नाही, असं त्यांनी शेजारच्या टेबलावरच्याला ऐकवलं, आणि त्याने या वेळी मान वर करून ऐकलंही.

अशात एके दुपारी कारखान्याची वीज गेली आणि सगळ्यांना सुटी मिळाली. वॉचमनकडून चाकू घेऊन कोटेशनराव घरी आले. बायको झोपली असेल म्हणून त्यांनी आपल्या किल्लीने हळूच दार उघडलं.

ती झोपली नव्हती. आतल्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसली होती. पुढ्यात खोका होता. कोटेशनरावांनी तो ओळखला. एका कोपऱ्याला चहाचा डाग होता, आणि तो डाग परवा त्यांनीच पाडला होता. बायकोने आपल्या रोजच्या चपला कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, झाकण मिटलं आणि वर चिकटपट्टी मारली. दाताने तोडली. दुसरी मारली. परवाच्या कापलेल्या पट्टीचं टोक दिसत होतं, ते तिने नखाने खरवडून काढलं.

कोटेशनरावांना आधी संताप आला. म्हणजे इतके दिवस हे चाललं होतं? आपल्याला काय कुक्कुलं बाळ समजते ही? आत जाऊन खोका लाथाडावा असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात तिने खोका हातात फिरवून पाहिला, थोडा विचार केला, आणि आणखी एक पट्टी आडवी लावली. अंगठ्याने दाबून दाबून, कडेपर्यंत. एवढ्या मेहनतीने कुणी आपल्यासाठी काही केलेलं त्यांनी कचेरीत कधी पाहिलं नव्हतं. आल्या पावली ते मागे फिरले, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि रोजची यायची वेळ होईपर्यंत खाली बागेत बसून राहिले.

वेळ झाल्यावर त्यांनी घंटी वाजवली. दार उघडताच बायको म्हणाली, "आलात? बरं झालं. सकाळपासून एक पार्सल येऊन पडलंय, मला तर उघडतच नाही."

त्यांनी चाकू काढला. तीन पट्ट्या होत्या, तिन्ही नीट कापल्या. पण या खेपेला त्यांनी पात्याकडे पाहिलं नाही. चष्मा लावला, खोका उघडला आणि कागद बाजूला केला. बायकोचा चेहरा पडला.

"चपला मागवल्यात," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "नव्या."

चपलांच्या टाचा एका अंगाने झिजल्या होत्या. एकीचा पट्टा कधीतरी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला होता. पंख्याच्या एकाच पात्याला पोचा आला म्हणून कोटेशनरावांनी पात्यांचा आख्खा ट्रक परत पाठवला होता, हे कारखान्यात अजून सांगतात. त्यांनी चपला उजेडाकडे नेल्या, उलटसुलट करून पाहिल्या, टाचांवरून बोट फिरवलं आणि जमिनीवर तिच्या पायांपाशी मांडून ठेवल्या.

"माल उत्तम आहे," ते म्हणाले. "घालून बघ."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाय सरकवले.

"बसल्या?"

"बसल्या की. पायाला सवयीच्याच वाटतात."

कोटेशनरावांनी चाकू मिटून खिशात टाकला. पँट घसरली, ती वर ओढली.

"उद्या काय येणार आहे?" त्यांनी विचारलं.

"बघते," ती म्हणाली, "घरात काय काय आहे ते."