गॅसपासून पाळण्यापर्यंत

शलाका जगदाळेनं तयार केलेला पट्टा कमरेला बांधून धावलं की समोरची खोली लांब होत जाते, याबद्दल ऑफिसात कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की हे नवीन आहे का.

पेटंटच्या ऑफिसात दुसरा प्रश्न नसतोच. वस्तू चांगली की वाईट, तिच्यापायी कुणाचं काय बिघडतं, हे बघायला जगात इतर माणसं आहेत. परीक्षकानं फक्त शोधायचं, की अर्ज येण्याआधी हेच कुठे कुणी करून ठेवलंय का. सापडलं तर अर्ज फेटाळायचा. नाही सापडलं तर ती वस्तू अर्जदाराची.

हेमांगी बाळंतपणाची आणि तिला जोडून घेतलेली रजा संपवून कामावर आली, आणि हा अर्ज तिच्याच वाट्याला आला. धावपटूंसाठी कमरेला बांधायचं सरावाचं साधन. जिच्या गावात मैदान नाही, जिला एकटीला रस्त्यावर पळवत नाही, तिनं पट्टा बांधावा आणि मोरीपासून दारापर्यंत हवं तेवढं धावावं. थांबलं की खोली पुन्हा होती तेवढी. तिचे साहेब तांबोळी यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, अर्जदार ओळखीची नाही ना? ओळखीच्या माणसाचं काम परीक्षकाला करता येत नाही. हेमांगी नाही म्हणाली.

साताऱ्याला कॉलेजात असताना या दोघी रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ धावत चढायच्या. हेमांगी पुढे, शलाका मागे. मागे म्हणजे किती, तर तिचा श्वास हेमांगीच्या मानेला लागेल एवढीच. पण ते एवढंसं अंतर काही शलाकाला कधी तोडता आलं नाही. मग हेमांगीचं लग्न झालं, नोकरी लागली, पोट वाढलं आणि बूट माळ्यावर गेले. शलाका धावत राहिली. आता तिच्या पुढे कुणी नव्हतं.

प्रात्यक्षिकाला ती कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. हेमांगीला तिनं मॅडम म्हटलं आणि पेढा पुढे करताना नजर पेढ्यावरच ठेवली. पोटऱ्या तशाच, पीळ दिलेल्या सुंभासारख्या. पोट पाटीसारखं सपाट. हेमांगीनं नकळत ओढणी पुढे ओढून घेतली.

शलाका पट्टा बांधून टेबलापासून कपाटाकडे धावायला लागली. कपाट मागे मागे गेलं. फरशीपुढे फरशी येत गेली, छताला एकामागून एक पंखे उगवत गेले, आणि शलाका लहान होत होत तिळाएवढी झाली. मग ती थांबली, आणि लगेच तिथेच, कपाटाला टेकून उभी होती. धाप लागलेली, पण गोड, हवीहवीशी वाटणारी धाप. शिपायानं टाळ्या वाजवल्या. तांबोळी साहेब म्हणाले, माशाल्ला. हेमांगीनं अर्धा पेढा तसाच कागदात गुंडाळला. ही माझ्या मागे असायची, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

आणखी एक गोष्ट तिनं पाहिली होती. त्या लांबलेल्या खोलीत मध्येच एक कोपरा उडालेली फरशी होती. खलबत्ता पडून उडालेला तो कोपरा हेमांगीच्या हॉलमधला होता.

घरी आली तर हॉल फरशांच्या एका ओळीनं कमी झाला होता. शलाका जिथं धावते तिथली लांबी कुठून तरी यायलाच हवी. ती हेमांगीच्या घरातून जात होती. शलाकानं पट्टे दोन केले होते. एक परीक्षणासाठी ऑफिसात दिला होता, दुसरा बांधून ती रोज सकाळी सराव करायची, आणि रोज सकाळी हेमांगीच्या घरातली एक ओळ जायची. सासूबाईंनी कुरकुर केली नाही. पुसायला तेवढं कमी, म्हणाल्या. नवरा तिरका झोपायला लागला. सोफा गॅलरीत गेला. पाळणा सरकत सरकत ओट्याला लागला आणि फोडणीचा ठसका लागून रेवा झोपेतून उठायला लागली. रेवा आता धरून उभी राहायच्या बेतात होती. पाऊल टाकायला तिला पुढे जमीन लागणार होती, आणि जमीन तर चालली होती. पेटंट मिळालं की असे हजारो पट्टे निघणार. अर्ज फेटाळायचा, एवढाच मार्ग होता. मुलीसाठी फेटाळायचा, असं हेमांगी स्वतःला सांगायची. मग डोळ्यांपुढे त्या पोटऱ्या यायच्या.

जगभरचं धुंडाळून झालं. धावणाऱ्याला ओढणारे पट्टे होते, ढकलणारे होते, ठोके मोजणारे तर पैशाला पासरी. खोली लांबवणारा एकही नव्हता.

दुपारी ती जुन्या फायलींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून रेवासाठी दूध काढत बसायची. बाटली ऑफिसच्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी ठेच्याच्या डबीशेजारी राहायची. अशीच बसलेली असताना तिनं मांडीवरच्या पट्ट्याची शिवण उसवली. वरून काळं रबर, आत मऊ सुती कापड. पिस्त्याच्या रंगाचं, विटलेलं, एका बाजूला रुईफुलाचा काठ. तिनं ते नाकाशी नेलं. बाळंतशेपाच्या धुरीचा वास आला.

ती तिच्याच पोटाची पट्टी होती, उभी फाडून अर्धी केलेली; उरलेली अर्धी दुसऱ्या पट्ट्यात असणार.

माहेरी बाळंतपणाला असताना आई रोज न्हाऊ घालून, धुरी देऊन झाली की जुन्या पातळाची ही पट्टी तिच्या पोटाला करकचून बांधायची. पोट सुटू नये म्हणून. पट्टी बांधली की स्वयंपाकघर लांब व्हायचं. रेवा पाळण्यात रडायला लागली की हेमांगी गॅसवरचं दूध सोडून धावायची. पाळणा दिसत असायचा, रडणं ऐकू येत असायचं, आणि शहाबादी फरशी काही संपायची नाही. चपलेशिवाय, गाऊन गुडघ्यावर धरून ती धावत राहायची. आईला तिनं विचारलं होतं. आई म्हणाली, होतं तसं. सव्वा महिन्यानं जातं.

आणि त्या सव्वा महिन्यातच शलाका बाळंतविडा घेऊन आली होती. अळिवाचे लाडू, टोपडं, झबलं. बाळाकडे तिनं धड बघितलंही नाही. स्टुलावर बसून हेमांगीची धाव बघत राहिली. ती गेली त्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली पट्टी सापडेना. वाऱ्यानं उडाली असेल, आई म्हणाली. पट्टी गेली तसं ते धावणंही गेलं, आणि बाळंतपणातलं काहीतरी म्हणून हेमांगी ते विसरली.

हेमांगीनं तांबोळी साहेबांना सगळं सांगितलं. ओळख लपवल्याचंही. त्यांनी चष्मा पुसला. त्याचं नंतर बघू, म्हणाले. बंद घरात झालेलं ते घरातच राहतं, ते जगाला ठाऊक होतं असं धरता येत नाही. बाहेरच्या माणसानं पाहायला हवं.

"पाहिलंय कुणी?"

"अर्जदारानं."

साहेबांना हे पटलं. सुनावणी ठेवू, म्हणाले. येताना बाळाला घेऊन या.

सुनावणीला सगळे आपापल्या जागी बसले. हेमांगी रेवाला कडेवर घेऊन टेबलाशी. शलाका समोर; तिच्या जॅकेटखाली दुसरा पट्टा बांधलेला दिसत होता. साहेबांनी मधोमध पिस्त्याच्या रंगाची पट्टी ठेवली.

"हे तुम्ही अर्जाच्या आधी पाहिलंय?"

"पाहिलंय. हिच्या आईच्या स्वयंपाकघरात." खोटं बोलायचा तिचा विचारच दिसला नाही. मग ती साहेबांना सोडून हेमांगीकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं नीट बघितलं. "कॉलेजात वाटायचं, लग्न झालं की ही थांबेल. मग वाटलं, पोर झालं की तर थांबेलच. लाडू घेऊन आले, तर तू गाऊनमध्ये धावतीयेस. पोट बांधून. आधीपेक्षा चांगली."

"मी रडत होते गं तेव्हा."

"मला पाठच दिसत होती. नेहमीसारखी."

रेवानं हेमांगीच्या कानातलं धरून ओढलं.

"पट्टी मागायचीस."

"दिली असतीस?"

त्या दिवसांत कुणी मागितलं असतं तर हेमांगीनं पट्टी दिली असती, वर स्वयंपाकघरही दिलं असतं. पण आता तिला तसं म्हणवेना. नसती दिली, म्हणाली.

साहेब म्हणाले, सांगून भागत नाही, करून दाखवावं लागेल. नुसत्या पट्टीवर खोली लांबली तर अर्ज फेटाळला.

कपाटापाशी दुपटं अंथरून रेवाला बसवलं. पट्टी एकटीनं बांधता येत नाही, मागून कुणीतरी लागतं. शलाका उठली. तिनं हेमांगीच्या कमरेत गुडघा टेकवला, अगदी आई टेकवायची तसा.

"श्वास सोड."

हेमांगीनं सोडला. शलाकानं वेढे दिले, गाठ मारली, आणि जाऊन रेवाशेजारी मांडी घालून बसली. पोर अनोळखी माणसाला बघून आधी ओठ काढून बसली, मग रडायला लागली. हेमांगी निघाली.

आधी ऑफिसची फरशी आली. मग कोपरा उडालेली, मग तिच्या हॉलमधल्या गेलेल्या सगळ्या ओळी, एकही न चुकता. मग शहाबादी. डाव्या हाताला गॅस आला, त्यावर दूध वर येत होतं. ते मागे गेलं. पंख्यामागून पंखे येत होते. पहिल्यांदा मांड्या भरून आल्या, मग कुठेतरी आत एक कडी निघाली आणि पाय आपले आपण पडायला लागले. मान मोकळी होती. मानेवर कुणाचा श्वास नव्हता.

मागून साहेबांचा आवाज आला, बारीक, नळीतून आल्यासारखा. सिद्ध झालं, म्हणत होते. अर्ज फेटाळला. थांबा आता.

पुढे, फार पुढे, रेवाचं रडणं थांबलं होतं. ती शलाकाच्या खांद्याला धरून उभी होती. अशी ती घरी कधी उभी राहिली नव्हती. शलाकानं तोंडाशी हात धरून हाक मारली.

"थांब गं. थांबलीस की पोचशील."

हेमांगीला ते ठाऊक होतं. कुडता छातीवर ओला होऊन चिकटला होता. नुसतं थांबायचं होतं, की रेवा हाताशी. पुढच्या पंख्याखाली थांबू, असं ठरवून तिनं पाऊल लांब टाकलं. पंखा आला आणि डोक्यावरून मागे गेला. त्याच्या पुढच्या, म्हणून तिनं हात आणखी जवळ घेतले.

"मी आहे इथं हिच्याजवळ," शलाका ओरडली. मग पोर पडू नये, धरायला काही असावं म्हणून तिनं जॅकेट वर केलं, स्वतःच्या कमरेचा सरावाचा पट्टा सोडला आणि दोन वेढे देऊन रेवाच्या कमरेला बांधला.

रेवानं खांदा सोडला. दोन्ही हात आईकडे पसरले आणि पहिलं पाऊल टाकलं.