चिपाडाच्या कोळशातल्या चकत्या

खुटबावच्या वस्तीवर ज्योतिबा आणि रतनबाईच्या घरात खंडोबाचा भंडारा लावल्याशिवाय कुठलीच वस्तू कामाला लागत नसे. विहिरीवरची मोटर, लुना, शिलाई मशीन, एकदा तर लेक प्रतिभाचं बारावीचं हॉल तिकीटसुद्धा. पर्यवेक्षक काही बोलतील म्हणून प्रतिभानं तो भंडारा परीक्षेच्या दारातच ओढणीनं पुसून टाकला होता. घरी आल्यावर आईनं तिकिटाचा कोपरा निरखून पाहिला. रतनबाई लगेच बोलणाऱ्यांतली नव्हती. विसरणाऱ्यांतलीही नव्हती.

त्याला सात-आठ वर्षं झाली. आता प्रतिभा पुण्यात पीएच.डी. करत होती, आणि तिचा विषय वस्तीवरच्या सगळ्यांना कळेल असा होता. गुऱ्हाळात रस काढून उरलेलं चिपाड हवा न लागू देता भट्टीत भाजायचं आणि त्याचा कोळसा करायचा. त्या कोळशात छिद्रं भरपूर असली, तर त्यापासून वीज झटकन साठवणारं आणि झटकन देणारं साधन बनवता येतं. छिद्रं आहेत की नाहीत, हे मात्र साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तो पुण्यातच दुसऱ्या एका संस्थेत होता आणि त्याच्यावर नंबर लागायला महिने जात.

तिचा नंबर चंपाषष्ठीनंतरच्या सोमवारी सकाळी लागला. सण शनिवारी होता. परत येताना थेट मायक्रोस्कोपवरच जाता यावं म्हणून तिनं फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत चिमूटभर काळी भुकटी भरून घरी आणली. शनिवारी देव्हाऱ्यापुढं खंडोबाची तळी भरली. सोमवारी पहाटे वडापच्या जीपनं यवत आणि तिथून एसटीनं पुणं.

मायक्रोस्कोप चालवणारे सत्यजीत सर मोजकं बोलत. त्यांनी भुकटी चिकटपट्टीवर पसरून यंत्रात सरकवली. पडद्यावर काळी-करडी चित्रं उमटू लागली. छिद्रांच्या रांगा दिसतात न दिसतात, तोच मधे काही तरी झळकलं. गुळगुळीत, चपट्या, लांबट गोल चकत्या. एक नाही, पुष्कळ. सगळ्या पांढऱ्याफटक.

"हे काय?" प्रतिभाच्या मार्गदर्शक अनिता मॅडम खुर्ची ओढून पुढे झाल्या.

"वीज वाहत नाही त्यात. कोळशातून वाहते, म्हणून तो शांत दिसतो. हे मात्र चमकतंय," सर म्हणाले.

"म्हणजे सिलिका. उसात असतेच. पण अशा चकत्यांच्या रूपात कुणी दाखवलेली माझ्या तरी वाचनात नाही." मॅडमचा आवाज बदलला. "प्रतिभा, बंगळूरच्या परिषदेत हेच मांडायचं. उद्या संध्याकाळपर्यंत सारांश पाठवायचाय. सर, आता फक्त चकत्यांचेच फोटो घ्या."

पुढचा सगळा वेळ चकत्यांत गेला. छिद्रांकडे कुणी वळलं नाही. प्रतिभाला आनंद झाला होता, नाही असं नाही. बंगळूर म्हणजे तिचा पहिला लांबचा प्रवास, पहिली परिषद. पण कोळसा तिनं स्वतः सोड्याच्या पाण्यात उकळून धुतला होता, सिलिका निघून जावी म्हणूनच. इतकी उरेल कशी?

सर एका चकतीवर झोत रोखून बसले होते. बघता बघता चकतीला भेग गेली आणि ती आक्रसली.

"सिलिका म्हणजे वाळूच. ती अशी करपत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मॅडम तोवर फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या.

प्रतिभानं डबी उचलली, खिडकीत गेली आणि उरलेली भुकटी कोऱ्या कागदावर ओतली. काळ्यात मधेमधे पिवळे कण होते. यंत्राला रंग दिसत नाही, उन्हाला दिसतो. तिनं डबी नाकाशी नेली. तो वास तिला लहानपणापासून पाठ होता.

ती खाली एसटीडी बूथवर गेली.

"आई, डबीत काय टाकलंस?"

"भंडारा. चिमूटभरच. का गं?"

"आत का टाकलास? वरून लावायचा ना."

"वरून लावला की तू पुसतीस."

प्रतिभानं फोन ठेवला. जेजुरीचा भंडारा जीप आणि एसटीचे धक्के खात कोळशात पार मिसळून गेला होता. हळदीतल्या पिष्टाचे कण मोठे करून पाहिले, की चकत्याच दिसणार.

वर येताना पायऱ्या जास्त वाटल्या. गप्प राहिलं तर बंगळूर पक्कं होतं. बोललं तर हातात एकही फोटो उरत नव्हता.

"मॅडम, ती सिलिका नाही. हळद आहे. मी पुसते म्हणून आईनं भंडारा डबीतच टाकला," ती म्हणाली आणि कागद पुढे केला.

अनिता मॅडमनी कागद पाहिला, वास घेतला, पुन्हा पाहिला. "मी शीर्षकही ठरवलं होतं," त्या थंडपणे म्हणाल्या. "नमुना घरी नेतं का कुणी? आता नंबर थेट मार्चमध्ये."

"उद्या जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळं असतं," सत्यजीत सर म्हणाले. "लॅबमधला उरलेला कोळसा आणा. आणि नुसता भंडाराही आणा. खात्री करून घेऊ."

प्रतिभानं पुन्हा फोन करून भंडारा मागवला, तर दुसऱ्या दिवशी तो घेऊन रतनबाई स्वतःच आली. लेकीला बोलणी बसली असतील तर ती आपण ऐकून घ्यावीत, असा तिचा हिशोब होता. आधी कोळसा लावला. पडद्यावर मधाच्या पोळ्याच्या घरांसारखी छिद्रं ओळीनं उभी राहिली, एकही चकती नाही. मॅडम वाकून बघत राहिल्या. "चला, हेच पाठवू," त्या म्हणाल्या.

मग भंडारा. कालच्याच चकत्या, फक्त दाटीनं.

"ह्यो आपला भंडारा?" रतनबाईनं विचारलं.

"होय, मावशी," सर म्हणाले.

"मंग पिवळा कुठं हाय?"

"या यंत्रात रंग दिसत नाही."

"एवढं मोठं यंत्र आन् पिवळं दिसत न्हाई." तिनं यंत्राकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मॅडमना हसू आवरेना.

"पुढच्या वेळी वरूनच लावा," त्या म्हणाल्या. "प्रतिभा पुसणार नाही. मी लक्ष ठेवीन."

सारांश संध्याकाळी गेला आणि महिनाभरात बंगळूरचं बोलावणं आलं. सरांनी भंडाऱ्याच्या फोटोची एक प्रत रतनबाईला दिली होती. प्रतिभा बॅग भरायला वस्तीवर आली, तेव्हा तो करडा फोटो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी टेकवलेला होता. त्यावर वरपासून खालपर्यंत बोटांनी भंडारा माखला होता.

"आता दिसतोय नीट," रतनबाई म्हणाली आणि भंडाऱ्यानं माखलेलं बोट लेकीच्या बॅगेवर ओढलं.

प्रतिभानं तो भंडारा तसाच राहू दिला.