आवक क्रमांक तीनशे सत्तेचाळीस

मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, खाली गोल रबर आणि मधोमध फिरणारी तारीख. मित्रांनो, प्रगतिपुस्तकावर तुम्हाला भेटतात ते माझे चुलतभाऊ. त्यांच्या वतीने मी माफी मागतो.

माझा जन्म बुधवार पेठेत, एका जिन्याखालच्या दुकानात झाला. कारागिराने माझ्या अंगावर 'आवक' हा शब्द उलटा कोरला. त्यामुळे मला स्वतःचे नाव आजतागायत वाचता आलेले नाही. तिथून मी कर्वेनगरात, एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात नोकरीला लागलो. कार्यालयाखाली फोनचा बूथ होता, त्याचा पुढे सायबर कॅफे झाला. देशात मोठे बदल घडत होते. आमच्याकडे पंखा बदलला.

माझे काम सोपे होते. आलेल्या पत्रावर उमटायचे. मग साहेबांचे स्वीय सहायक हिंमतराव माझ्या ठशात क्रमांक घालत आणि तोच क्रमांक आवक नोंदवहीत लिहीत. एकदा शिक्का बसला की पत्र आलेच नाही असे म्हणायची सोय राहत नाही. पण बहुतेक लोक पत्र आणतच नसत. ते साहेबांसमोर हात जोडत, गाऱ्हाणे तोंडी सांगत आणि जात. साहेब प्रत्येकाला म्हणत, "बघतो." साहेब खोटे बोलत नसत. ते खरोखरच नुसते बघत.

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. कर्वेनगर आणि वारजे यांच्या मधून सहा पदरी नवा रस्ता झाला होता आणि तो ओलांडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. एका गुरुवारी त्यावर दोन पत्रे आली.

पहिले पत्र रंगराव घेऊन आले. ते निवृत्त मराठी शिक्षक आणि आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी. पत्र अकरा पानी. हिंमतराव मोठ्याने वाचू लागले. "सदर रस्ता ही ज्येष्ठ नागरिकांसाठी आपण सुरू केलेली मोफत स्वर्गारोहण योजना आहे, असे आम्ही समजतो. रस्ता ओलांडताना आम्हाला आपली आठवण येते. आपल्याला आमची येत नाही, कारण आपण काच वर करून बसता." हिंमतरावांच्या डोळ्यांत हसून पाणी आले. चहावाला किटली खाली ठेवून ऐकत उभा राहिला.

तेवढ्यात कांताबाई आल्या. त्या वारज्याच्या वस्तीत राहत आणि पंपाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. गुरुवार त्यांच्या सुट्टीचा. त्यांच्या हातात वहीचे दोन कागद होते, दोन्हींवर तोच मजकूर.

"दोन कशाला?" हिंमतरावांनी विचारले.

"एक तुमचा. दुसऱ्यावर शिक्का मारून द्या, तो माझा."

रंगरावांनी मान वाकडी करून कागद पाहिला. "बाई, याला पत्र नाही म्हणत. याला चिठ्ठी म्हणतात."

"बरं," कांताबाई म्हणाल्या. "नंबर नीट घाला हो साहेब."

मी दोनदा उमटलो. त्यामुळे मजकूर मला पाठ आहे. 'आमच्या वस्तीसमोरचा रस्ता ओलांडून साडेदहा ते अकरा या वेळात एकोणीस मुली शाळेत जातात. भीतीने तीन मुलींची शाळा घरच्यांनी बंद केली आहे. रस्ता सरकारच्या बांधकाम खात्याचा आहे, असे नगरसेवकांनी सांगितले. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तिथे सिग्नल बसवावा, असे आपण त्या खात्याला लिहावे आणि उत्तर मला कळवावे.' खाली नाव आणि पत्ता.

जूनच का, ते त्यांनी हिंमतरावांना सांगितले. त्यांची चैताली आठवीत होती. तिचे वडील भीमराव कामावर जाण्याआधी तिला हात धरून पलीकडे सोडत. जूनपासून त्यांना सकाळची पाळी लागणार होती. "हे म्हणतात, सिग्नल नाही झाला तर पोरगी घरी बसेल. मला तिला घरी नाही बसवायचं."

पंधरा दिवसांनी कांताबाई पुन्हा आल्या. "तीनशे सत्तेचाळीस. काय झालं?"

काही झाले नव्हते. पण क्रमांकच समोर आल्यावर हिंमतरावांना वही उघडावी लागली, कागद शोधावा लागला आणि साहेबांसमोर ठेवावा लागला. साहेबांचा चहा निवायच्या आत कागद वाचून झाला. खात्याला पत्र गेले. खाते गप्प राहिले. कांताबाई एका गुरुवारी येत, एक सोडत, पुन्हा येत. आवाज चढवत नसत. नुसता क्रमांक सांगून बाकावर बसत.

अशाच एका गुरुवारी रंगराव आले. "आमच्या पत्राचं काय झालं?"

"अहो सर, तीनदा वाचलं! साहेबांनी घरी नेऊन वहिनींनाही वाचून दाखवलं."

"मग?"

"वहिनीसुद्धा खूप हसल्या."

"अहो, पण कामाचं काय?"

"ते कुठल्या पानावर आहे सर?"

रंगरावांनी चष्मा लावला. पहिले पान पाहिले, पाचवे पाहिले, अकरावे उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. अकरा पानांत साहेबांना काय करायला हवे, ते एकदाही लिहिलेले नव्हते. टोमणे जमवण्याच्या नादात तेवढे राहून गेले होते.

मग ते कांताबाईंच्या शेजारी बसले. त्यांची प्रत मागून दोनदा वाचली. "यातला एकही शब्द काढता येणार नाही हो."

"काढू नका. सही करता का?"

मित्रांनो, त्या माणसाने तो मजकूर सोसायटीतल्या चौसष्ट घरांत फिरवला आणि सह्या आणल्या. त्यात स्वतःचा एक शब्द घातला नाही. निवृत्त मराठी शिक्षकाने हे करावे, याचे मला आजही नवल वाटते.

त्याहून मोठे नवल पुढे घडले. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरले आणि हिंमतरावांनी तिथून छापील प्रश्नांची यादी आणली. तिच्यात साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाची ओळ होती, 'साडेदहा ते अकरा या वेळात एकोणीस विद्यार्थिनींना जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागतो, हे खरे आहे काय?' आणि मंत्र्यांचे उत्तर होते, 'होय.' वहीच्या कागदावर मी ज्या शब्दांना टेकलो होतो, ते शब्द भर सभागृहात उभे राहिले होते आणि सरकारला त्यांना 'होय' म्हणावे लागले होते. माझे रबर शहारले.

मे महिन्यात सिग्नल लागला.

जूनच्या एका गुरुवारी कांताबाई पुन्हा आल्या, पुन्हा दोन कागद घेऊन. 'सिग्नल लागला. एकोणीस मुली आणि घरी बसवलेल्या तिघी, अशा बावीस जणी शाळेत गेल्या. आपण लिहिलेत, म्हणून कळवत आहे.'

हिंमतरावांनी मला उमटवले, वही ओढली आणि 'मागणी' या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले.

"बाई, मागणी काय लिहू?"

"काही नाही."

हिंमतराव आत जाऊन साहेबांना बोलावून घेऊन आले. साहेबांनी उभ्याउभ्याच कागद वाचला आणि मग वहीतला तो कोरा रकाना पाहिला.

आता मी खणात पडून असतो. माझ्या वर्षाच्या पट्टीवरचे आकडे दोन हजार पाचला संपले. कार्यालयात ई-मेल येतात, रोज चारशे. सगळ्यांचा मजकूर एकच, खाली पत्ता नाही. मित्रांनो, कागदावर लिहा की पडद्यावर, पण काय हवे ते एकदा नीट लिहा. योग्य माणसाला लिहा, नाव-पत्ता घाला, पोच मागा आणि पुन्हा विचारायला जा. आणि काम झाले तर तेही कळवा. इतक्या वर्षांत 'मागणी'चा तो रकाना मी एकदाच कोरा पाहिला आहे.