वेडलॉकमधलं कुलूप

थोरली नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली आणि त्या रविवारी मामा तिची समजूत घालायला हजर झाले. वकिलीतून निवृत्त झालेल्या मामांचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे. चहा संपल्यावर ते म्हणाले की, नवऱ्याने कधीमधी हात उचलला म्हणून कुणी संसार मोडत नाही. वर इंग्रजीचा दाखलाही दिला. "लग्नाला वेडलॉक म्हणतात. लॉक म्हणजे कुलूप. एकदा आत गेलं की गेलं."

आईने मान डोलावली. थोरली उठून आत गेली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्दकोशाच्या कार्यालयात शब्दांची मुळं शोधणं हीच तिची नोकरी. आठवडाभर तिने जुन्या इंग्रजीचे जाडजूड कोश उपसले. कुलूप कुठेच सापडेना. 'वेड'चा आपल्या वेडाशी काही संबंध नव्हता. ते होतं वचन. आणि 'लॉक' हा नुसता प्रत्यय, मूळचा 'लाक', क्रिया दाखवणारा. वचन देणं, एवढाच अर्थ. पुढे उच्चार बदलला आणि लोकांना त्यात कुलूप दिसायला लागलं.

पुढच्या रविवारी मामा जावयालाच घेऊन आले. आईने थोरलीची बॅग भरून ठेवली होती. धाकटीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मामा हसले. वचन तर वचन, म्हणाले, तेही मोडायचं नसतंच.

"मोडलंय ते ह्यांनी," धाकटी जावयाकडे बोट दाखवून म्हणाली.

तेवढ्यात थोरली दारात आली. तिचा राग मात्र धाकटीवरही होता.

"आणि कुलूप निघालं असतं तर? मग जा म्हणाली असतीस मला?"

धाकटीने उगारलेलं बोट खाली घेतलं. थोरलीने नवऱ्याला शांतपणे सांगितलं की, ती येणार नाही, आणि यापुढे बोलायचं ते कोर्टात. तो मामांकडे बघत राहिला. मामांनी चपला पायात सरकवल्या. दोघं आले तसे गेले.

आई दिवसभर धुमसत होती. थोरलीवरच असणार, असं दोघी बहिणींना वाटलं. संध्याकाळी मामांचा फोन आला, पोरीला जरा समजाव म्हणून.

"दादा," आई म्हणाली, "स्वतःच्या मुलीला पाठवलं असतंस का रे?"

तिने फोन ठेवला आणि बॅगेतले कपडे काढून कपाटात लावायला घेतले.