बारा बाय बारा

आमच्या पडद्यांच्या दुकानात शिरताच समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसतो. गिऱ्हाइकांना वाटतं दरपत्रक आहे. जवळ जाऊन वाचतात आणि चमत्कारिक नजरेने माझ्याकडे बघतात. कारण त्यावर माझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, की परक्या घरी मापाला गेलं की दार सताड उघडं ठेवायचं. आपण दाराच्या बाजूला उभं राहायचं, घरातला माणूस आतल्या बाजूला. दुकानात सांगितल्याशिवाय निघायचं नाही. फोन हातातच. पहिल्या खिडकीचं माप घेतलं की लगेच दुकानात पाठवायचं. आणि कुणी कितीही गोड बोललं तरी बसायचं नाही.

हा कागद मी बारकीसाठी लिहिला. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या वेण्या, तिचे ताप, तिची शाळा सगळं माझ्याकडे आलं आणि मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. मला वाटायची ती भीती. कारण बारकीचं तोंड म्हणजे चोवीस तास चालू असलेला नळ. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला दुसऱ्या थांब्यापर्यंत आमच्या घरातली सगळी माहिती कळलेली असते. "जगात माणसं वाईट नसतात गं ताई," असं म्हणते. वर मलाच समजावते.

आणि या बयेला एकटीने मापाला जायचं होतं!

सहा महिने तिने माझं डोकं खाल्लं. बाबांचे गुडघे गेल्यापासून ते मशीनवर बसतात, मापाला मीच जाते आणि बारकी मागून टेप धरायला येते. "टेप धरून धरून म्हातारी होईन मी," ती म्हणायची. शेवटी बाबाच म्हणाले, "जाऊ दे तिला. तू काय तिला कपाटात ठेवून कुलूप लावणार आहेस?" मनात आलं, तेवढं मोठं कपाट असतं तर लावलंही असतं.

मग मी तो कागद लिहिला. आणि एक खूण ठरवली, ती मात्र कागदावर नाही, फक्त आम्हा दोघींत. घरातलं वातावरण ठीक वाटलं नाही तर मापाच्या जागी लिहायचं 'बारा बाय बारा'. कुणी फोनमध्ये डोकावलं तरी त्याला ते मापच वाटणार. पण पडदेवाल्याला बरोबर कळतं, कारण बारा इंच बाय बारा इंचाच्या झरोक्याला जगात कुणी पडदा लावत नाही.

तर त्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज पुरुषी, घोगरा, तळघरातून आल्यासारखा. "पडदे करायचेत. जाड. मला अंधार पाहिजे. भर दुपारी सुद्धा पूर्ण अंधार." पत्ता सांगितला तो असा, की मोठ्या फाटकातून आत आलात की डावीकडची इमारत, तिसरा मजला, जिन्याला लागून पहिलं दार.

फोन ठेवला आणि मी म्हटलं, "इथे मी जाते."

"वा गं वा! आज मी जायचं ठरलंय." बारकीने टेप पिशवीत टाकलीसुद्धा.

"भर दुपारी अंधार कुणाला लागतो, सांग बरं?"

"ज्याला झोपायचंय त्याला!"

बाबांनी मशीनवरून मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला. "डावं म्हणजे कुठून डावं?" आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. पडद्याची दोरी डावीकडे पाहिजे असं गिऱ्हाईक म्हणालं, तर आधी विचारायचं, कुठे उभं राहून? आतून की बाहेरून? नाही विचारलं तर दोरी भलत्या टोकाला आणि शिव्या आपल्याला.

"मोठ्या फाटकातून आत शिरून डावं," बारकी म्हणाली आणि उड्या मारत गेली.

मी कात्री हातात घेतली. कापड अंथरलं. फोन समोर ठेवला. जीव सगळा टांगणीला. घड्याळाचा काटा हलेना, माझं कापड कापलं जाईना. बाबा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. आणि मग फोन वाजला. 'पोचले. पहिली खिडकी, अठ्ठेचाळीस बाय साठ.' हुश्श! मी दोन मीटर कापड सरळ कापलं. पाचच मिनिटांत पुन्हा फोन वाजला.

'बारा बाय बारा.'

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना? स्कूटरची किल्ली उचलून दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी काय काय पाहिलं ते सांगणार नाही. बाबांना हाक मारली नाही. फोन कापडाखाली राहिला तोही कळलं नाही. मोठ्या रस्त्याने गेले तर दोन सिग्नल, म्हणून बोळातून घातली स्कूटर, एका हातगाडीला घासली, मागून कुणीतरी ओरडलं, आणि मी त्या वसाहतीच्या मागच्या छोट्या फाटकातून आत शिरले. मधे मोकळी जागा, दोन्ही बाजूंना एकसारख्या दोन इमारती. डावीकडची! तिसरा मजला! तीन जिने मी कसे चढले देव जाणे. जिन्याला लागून पहिलं दार. मी दोन्ही हातांनी धडाधडा वाजवलं.

बनियनमधल्या एका माणसाने दार उघडलं.

"माझी बहीण कुठाय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या मागे, जिन्याकडे एकदा बघून घेतलं. कुणी नाही याची खात्री केली.

"बहीण ना?" तो म्हणाला. "आहे की आत. या."

मी तीरासारखी आत घुसले. "बारकी!" पुढची खोली रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. आतली खोली, एक गादी आणि कपड्यांचा ढीग. "बारकी!" आणि मागे कडी लागल्याचा आवाज आला.

"ओरडताय कशाला?" तो दाराला पाठ लावून उभा होता. "बसा. येईल."

त्याचा आवाज घोगरा नव्हता. चांगला पातळ, चिरका होता. हा तो माणूसच नव्हे! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आले होते मागच्या फाटकातून. मागून डावं म्हणजे पुढून उजवं. 'डावं म्हणजे कुठून डावं?' वीस वर्षं हा प्रश्न ऐकणारी मी, ज्या दिवशी विचारायचा त्याच दिवशी विसरले. हा माणूस मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत नव्हते, माझी बहीण इथे कधी आलीच नव्हती, आणि तरी तो म्हणाला होता, आहे की आत.

मी फोनसाठी खिसा चाचपला. रिकामा. मला भयंकर भीती वाटली, आणि मी ती त्याला दिसू दिली नाही, एवढं मात्र खरं.

मी पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेले. का गेले? सवय, दुसरं काय. कुठल्याही खोलीत आमचे पाय आधी खिडकीकडे वळतात. चांगली सहा फुटी खिडकी, काचा बंद, बाहेर जाळी, आणि पडदा नाही. साधा दांडासुद्धा ठोकलेला नाही. काच धुळीने माखलेली. पलीकडे समोरची इमारत, तिसरा मजला, तशीच खिडकी. आणि त्या खिडकीत स्टुलावर उभी राहून, गळ्यात टेप, कानाला फोन लावलेली बारकी!

ती धडधाकट होती. मला रडूच येणार होतं.

ओरडले असते तर बंद काचेतून ऐकू गेलं नसतं, आणि हा मात्र सावध झाला असता. मी त्याच्याकडे वळून, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात म्हटलं, "पडदे नाहीत तुमच्याकडे. आम्ही पडदेवाल्याच. बहीण येईपर्यंत माप घेऊ का?"

तो हसला. "घ्या की. घाई कुठाय?"

माझी वीत बरोबर आठ इंचांची आहे. दीड वीत म्हणजे बारा. मी हात वर केला आणि काचेवरच्या धुळीत बोटाने रेघ ओढली. दीड वीत आडवी. दीड वीत खाली. पुन्हा आडवी, पुन्हा वर. चौकोन पुरा केला. परत त्याच रेघांवरून बोट फिरवलं. आणि परत. 'बघ गं,' मनात म्हणत होते, 'एरवी साऱ्या जगाकडे बघतेस, आज माझ्याकडे बघ.'

बारकीने मान वर केली.

तिने मला पाहिलं. चौकोन पाहिला. माझ्या मागे बंद दाराशी उभा असलेला माणूस पाहिला. पुढच्या क्षणी स्टुलावर कुणीच नव्हतं.

आता फक्त वेळ काढायचा होता. मी बोलत सुटले. चुणीचा पडदा पाहिजे की कड्यांचा? अस्तर लावायचं का? सुती कापड आटतं बरं का, दोन इंच जास्त धरावं लागतं. बारकीचा नळ माझ्या तोंडाला लागला होता. तो एक पाऊल पुढे आला. मी खिडकीच्या दुसऱ्या टोकाला सरकले. तो आणखी एक पाऊल पुढे आला. "माप झालं की," तो म्हणाला. "आता बसा." त्याने माझा दंड धरला.

तेवढ्यात घंटी वाजली. वाजली म्हणजे काय, बोंबलायलाच लागली. आणि दारावर लाथा!

"ताई! ए, दार उघड! नाहीतर तोडतो आम्ही!"

आणि तिच्यामागून तो आवाज, तळघरातला, घोगरा. "दार उघडा. खाली माणसं जमलीत." त्याच्याइतका गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

बनियनवाल्याने माझा दंड सोडला. दार उघडलं आणि लगेच साळसूद तोंड करून म्हणाला, "अहो, या बाई स्वतःच घुसल्या घरात." बारकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर घट्ट रोवून तिने आत हात घातला, माझं मनगट पकडलं आणि मला ओढून बाहेर काढलं. बाहेर घोगऱ्या आवाजाचा तो उंचापुरा तरुण उभा होता, डोळे झोपेने लाल, एका पायात चप्पल. शेजारी त्याची आई, हातात आमच्याच बारकीने नेलेला नमुन्याचा दांडा, अगदी मारायच्या पवित्र्यात.

जिन्यात मी खाली बसून ढसाढसा रडले. बारकी माझ्यासमोर उभी.

"दार उघडं ठेवलंस?"

"नाही."

"बाबांना सांगून निघालीस?"

"नाही."

"फोन कुठाय? सात वेळा लावला मी! मेसेज पाठवला लगेच, अगं खरंच बारा बाय बारा आहे, मी ठीक आहे!"

झरोका खरंच तेवढाच होता. हा तरुण हॉस्पिटलात रात्रपाळीचा नर्स होता, तिथे त्याला सगळे ब्रदर म्हणत. दिवसा झोपायचा. न्हाणीघरावरच्या झरोक्यातून बरोबर दुपारी त्याच्या डोळ्यांवर ऊन यायचं. जगात बारा बाय बाराला पडदा लावणारा एकच माणूस निघाला आणि तो आमच्या नशिबी आला. माप घेण्याच्या भरात बारकीच्या बोटांनी सवयीने लिहून टाकलं, आणि पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी चौकीत जाऊन त्या पातळ आवाजाच्या माणसाविरुद्ध तक्रार लिहून दिली. ब्रदर आणि त्याची आई साक्षीला आली. पण त्याआधी बारकी वर ब्रदरच्या घरी परत गेली, कारण म्हणे, मापं अर्धी राहिलीत. मी तिच्यामागोमाग गेले. टेपचं टोक मी धरलं. ब्रदरच्या आईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "बसा हो, केवढ्या थरथरताय." मी बारकीकडे बघितलं. बारकीने दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं.

"बस," ती म्हणाली.

बाबांना सगळं सांगितलं. ते भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचे शब्द त्यांनी गिळले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापाचे दोन फोन आले. बारकीने एक पत्ता घेतला. दुसरा मला दिला. मला पुन्हा तीच भीती वाटली, ती काही जन्मात जाणार नाही. पण "मी येते तुझ्याबरोबर" असं म्हटलं नाही. ती दारातून वळली.

"ताई, फोन घेतलास?"

"घेतला गं आगाऊ."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"पोचलीस की पहिल्या खिडकीचं माप पाठव."

मी पोचले. वयस्क जोडपं होतं, भली माणसं, दोघंही हसतमुख. मी माप घेतलं, छत्तीस बाय चोपन्न, आणि पाठवून दिलं. उत्तर लगेच आलं, जणू ती फोन हातात धरूनच बसली होती.

'दार?'

मी मागे वळून पाहिलं. वाऱ्याने लोटलं गेलं होतं. मी गेले, सताड उघडलं, खाली माझी पिशवी टेकवून ठेवली, आणि मगच दुसऱ्या खिडकीकडे वळले.